बहात्तर जणांच्या पाळ्या

बस डेपोत सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस म्हणजे ड्यूट्या लावणारा. ड्रायव्हर गाडीला शिव्या देतो, प्रवासी ड्रायव्हरला देतात, आणि दोघांच्या मिळून उरलेल्या शिव्या संध्याकाळी ड्यूट्या लावणाऱ्याच्या वाट्याला येतात. चार्टमास्तर या जागेवर एकोणतीस वर्षं होते आणि त्यांची प्रकृती उत्तम होती.

त्यांच्या खोलीत एक टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या (दुसरी भांडायला येणाऱ्यासाठी) आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा लाकडी फळा होता. फळ्यावर खिळ्यांच्या रांगा आणि खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे बिल्ले. प्रत्येक बिल्ल्यावर एका ड्रायव्हरचा नंबर. वरच्या रांगा मार्गांच्या, सगळ्यात खालची राखीव. राखीव म्हणजे गणवेश घालून, बूट पुसून दारातल्या बाकावर बसायचं आणि कोणी तरी आजारी पडण्याची वाट बघायची.

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला मास्तर पुढच्या महिन्याचा चार्ट काढत. पट्टी, पेन्सिल आणि दोन रंगांची शाई. बेचाळीस ड्रायव्हर, छत्तीस गाड्या, आणि एकच तत्त्व: पाळी प्रत्येकाची. आज ज्याला लांबचा मार्ग, त्याला उद्या बाजाराचा, परवा बाक. लाडका कोणी नाही, नावडता कोणी नाही. चार्ट दारावर चिकटला की बेचाळीसच्या बेचाळीस जणांची त्याच्याविरुद्ध तक्रार असे, आणि ती साधारण सारखीच असे. आपण न्यायाने वागतो याला मास्तरांना याहून मोठा पुरावा नको होता.

मग रोज पहाटे पाचला येऊन ते फळ्यावर बिल्ले टांगत. दारावरचा कागद आणि भिंतीवरचे बिल्ले जुळतात का, हे एकोणतीस वर्षांत कोणी ताडून पाहिलं नव्हतं. लोक कागद बघून भांडत आणि बिल्ला बघून कामाला लागत.

हे झालं नोकरीचं. रविवारी दुपारी दोन ते सहा मास्तरांच्या हाताखाली आणखी बहात्तर माणसं असत. ती टीव्हीत राहत.

ही माणसं घरात आणली त्यांच्या मेहुण्याने. मेहुणा म्हणजे बायकोच्या पाठचा भाऊ; वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदारांच्या तराजूंवर संशय घ्यायचा त्याला पगार मिळे, आणि सवय लागल्यामुळे तो इतर गोष्टींवरही फुकट संशय घेई. अकरा वर्षांपूर्वी त्याने बंद पडणाऱ्या एका दुकानातून खेळाचं जुनं यंत्र आणि त्याची एकच कॅसेट उचलली. त्याची बायको म्हणाली, “या घरात एक तर हे राहील, नाही तर मी.” मेहुणा थोडा विचारात पडला, ही चूक झाली. यंत्र त्याच संध्याकाळी बहिणीकडे आलं.

हा खेळ उड्या मारायचा किंवा नेम धरायचा नव्हता. यात माणसं जमवायची, त्यांना घेऊन भटकायचं, पाळीपाळीने लढायचं आणि लढवून लढवून त्यांना तरबेज करायचं. एका राजपुत्राचं राज्य गेलेलं असतं; खेळातल्या राजपुत्रांचं ते जातंच. तो एका पडक्या किल्ल्यात आसरा घेतो आणि गावोगाव हिंडून साथीदार गोळा करतो. साथीदार किती, तर बहात्तर. बाहेर पडताना मात्र पाचच नेता येतात. उरलेले सदुसष्ट किल्ल्यात जागच्या जागी उभे राहतात आणि राजपुत्र जवळ गेला की प्रत्येकी एक वाक्य बोलतात. पुन्हा गेला की तेच वाक्य.

“पाच माणसं असली की गोष्ट होते, दाजी,” मेहुणा म्हणे. “बहात्तर झाली की जनगणना.”

“पाच माणसांची गोष्ट घरोघरी आहे,” मास्तर म्हणत. “गर्दी आहे म्हणून तर ते राज्य वाटतं.”

अशा खेळांच्या शौकिनांत हे दोन पंथ जुने आहेत, आणि कथेपुरतं बोलायचं तर मेहुण्याची बाजू भक्कम होती. बहात्तर पात्रं रचणाऱ्याला प्रत्येकाला आईबाप, दुःख आणि बोलण्याची लकब देणं परवडत नाही. आठदहांना पोटभर वाढून तो दमतो आणि उरलेल्यांना एकेक वाक्य आणि एकेक टोपी देऊन वाटेला लावतो. खेळणाऱ्याचंही तेच होतं. पहिल्या पंधरांचं तो मनापासून स्वागत करतो, पुढच्या विसांना हात हलवतो, आणि पन्नासावा दारात उभा राहिला की त्याला वाटतं, आता हा कोण? जीव लावायचा तर वेळ लागतो, आणि वेळ बहात्तरांनी भागला की हाती फारसं काही उरत नाही.

मास्तरांना नेमकी ही टोपीवालीच आवडत. एका वाक्यावरून माणूस ओळखायची त्यांना सवय होती. डेपोत रोज पहाटे त्याहून जास्त त्यांना कोणी देत नसे.

खेळातली नावं परकी आणि अक्षरं बारीक, म्हणून दोघांनी आपली नावं ठेवली होती. भालेवाली आत्या, रडका न्हावी, शेळीवाली, आणि असेच पुढे. एकतिसावा होता उगाच. हा माणूस मिठाच्या बाजारात विहिरीपाशी उभा असतो. येतोस का विचारलं की येतो. त्याला तलवार धरता येत नाही, मंत्र येत नाहीत, स्वयंपाक येत नाही. किल्ल्यात आणला की तो तिथल्या विहिरीपाशी उभा राहतो आणि म्हणतो, “इथलं पाणी बरं आहे.” पहिल्याच दिवशी मेहुणा वैतागला होता, “हा कशाला दिलाय? उगाच!” तेच नाव पडलं.

या बहात्तर जणांसाठी मास्तरांनी पहिल्याच वर्षी चार्ट काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पट्टीने, दोन रंगांत. प्रत्येक फेरीला पाच नवे. परिणाम व्हायचा तोच झाला. मेहुण्याच्या हिशोबाने ज्या वेळात पाच जण वाघ झाले असते, त्या वेळात बहात्तर जण सारखेच अर्धकच्चे राहिले. नदीतल्या एका राक्षसाने त्यांना नऊ वेळा धुतलं आणि त्या नदीपलीकडे जायला चार महिने लागले. दोघांचे हात आलटून पालटून बटणांवर, बायकोची पाठ टीव्हीकडे. ती त्याच खोलीत लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची, आणि शिलाई मशीनच्या आवाजावरून मोठ्याने बोलायची दोघांना सवय झाली होती.

अशी अकरा वर्षं गेली. मग मेहुण्याची बदली झाली.

ऑर्डर हातात घेऊन तो एका रविवारी आला. गाव दूरचं, एक तारखेला हजर व्हायचं होतं. त्याची बायको मुलीची शाळा संपेपर्यंत इथेच राहणार, आणि तो तिकडे एका खोलीत एकटा.

“म्हणजे यंत्र आता तुला लागेल,” मास्तर म्हणाले.

“लागेलच असं काही नाही, पण संध्याकाळी तिकडे करू काय मी? भिंतीचं वजन?”

“ने की. तुझंच आहे.”

मास्तर सहज म्हणाले, पण बायकोने मशीन थांबवलं. नवऱ्याचं ‘ने की’ तिने पूर्वी दोनदा ऐकलं होतं: एकदा धाकट्या दिराने सायकल मागितली तेव्हा, आणि एकदा लेकीला मागणी आली तेव्हा.

हातात पाच रविवार होते. खेळाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते दोघांना पाठ होतं. शेवटाआधी किल्ल्याला वेढा पडतो. चार दरवाजे, प्रत्येकावर तीन जण, असे बारा पहारेकरी लावायचे. एरवी लढाईत पडलेला साथीदार नंतर उठून बसतो, पण वेढ्यात पडला तो गेला. बहात्तरच्या बहात्तर वाचले, तरच खेळाचा पूर्ण शेवट दिसतो: सगळे किल्ल्याच्या पटांगणात एका चित्रात उभे. एक जरी कमी झाला तर ते चित्र नाही, दुसराच काही तरी लहानसा शेवट.

मास्तरांना ते चित्र बघायचं होतं. किल्ल्यात माणसं अठरा खोल्यांत विखुरलेली असत आणि पडद्यावर एका वेळी सहासातच दिसत. अकरा वर्षं ज्यांच्या पाळ्या लावल्या त्यांना त्यांनी एकत्र कधीच पाहिलं नव्हतं. आयुष्यात त्यांना फार थोड्या गोष्टी मनापासून हव्या होत्या, त्यामुळे ही जरा जास्तच हवी होती. बायकोला त्यांनी तसं सांगितलंही, एकाच वाक्यात: “यंत्र जायच्या आत ते सगळे एकदा दिसावेत.”

मेहुण्यालाही शेवट हवा होता, मात्र कुठलाही चालला असता. पहिल्या रविवारी यावरून जुंपली.

“दाजी, सरळ हिशोब आहे. पाच घ्या, पाचांना चढवा, वेढा मारा, शेवटचा राक्षस मारा, मोकळे व्हा.”

“आणि दरवाजांवर बारा लागतात ते?”

“सात कोणीही उभे करू. मेले तर मेले.”

“मेले तर मेले! तुझ्या खात्यात चालतं हे?”

“माझ्या खात्यात बहात्तर वजनं घेऊन कोणी एक किलो साखर मोजत नाही.”

“अरे, पाच जणांनाच चढवायचं तर बाकीच्यांना आणलं कशाला घरातून? कुणी शेळी सोडून आलंय, कुणी दुकान सोडून. आणि इथे आणून नुसतं उभं करायचं?”

“त्यांना कळतंय होय ते उभे आहेत ते?”

“बाकावर बसलेल्याला नेहमी कळतं,” मास्तर म्हणाले.

बायकोने दातांत धरलेली टाचणी काढली. “झालं का दोघांचं? ह्याचे पाच दरवाजांवर जातील. उरलेले सात ह्यांच्या चार्टप्रमाणे. आणि ह्यांनी दुपारी डेपोतून आल्यावर रोज त्यांना तालीम द्यायची. आता मला या पॅन्टची उंची घेऊ द्या, गिऱ्हाईक ठेंगणं आहे आणि ते त्याला मान्य नाही.”

ताईचा शब्द अखेरचा, हा नियम मेहुणा लहानपणापासून पाळत होता आणि मास्तर लग्नापासून. मास्तरांनी पाच रविवारांचा नवा चार्ट काढून टीव्हीच्या वर भिंतीला लावला. चौथ्या रविवारच्या रकान्यावर लाल शाईत लिहिलं: वेढा. पाचवा रविवार शेवटच्या राक्षसाला राखून ठेवला.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मास्तर दोनला डेपोतून सुटत, जेवत, आणि पाचपर्यंत साथीदारांना पाच-पाचच्या तुकड्यांत बाहेर काढून लढवून आणत. मेहुणा रविवारी येई, आकडे तपासी आणि मान हलवी. “शेळीवाली बरी झालीय,” तिसऱ्या रविवारी तो म्हणाला. त्याच्याकडून हे पदकच होतं.

चौथ्या रविवारी दुपारी एक वाजता डेपोतून फोन आला. तापाची साथ होती. अकरा ड्रायव्हर घरी पडले होते आणि संध्याकाळच्या पाळीला गाड्या निघतील की नाही याची कोणाला खात्री नव्हती. मास्तरांनी बूट चढवले तोवर मेहुणा जिन्यात भेटला.

“तू सुरू कर, मी तीनपर्यंत येतो,” मास्तर म्हणाले. “उशीर झाला तर थांबू नकोस. चार्ट भिंतीवर आहे. चार्टप्रमाणे कर, काही अडत नाही.” चार पायऱ्या उतरून ते पुन्हा वर बघून म्हणाले, “चार्टप्रमाणे हं.”

डेपोत उपव्यवस्थापक दारावरचा चार्ट उपटून टेबलावर पसरून बसले होते. ते या डेपोत नवीन होते आणि चार्टवर विश्वास ठेवत होते.

“बरं झालं आलात. सतराला लांबच्या मार्गावर टाकतो. चार्टप्रमाणे त्याचीच पाळी आहे.”

“सतराला नाही. त्याच्या आईला पाचला गोळ्या द्यायच्या असतात. दवाखान्यावरून जाणारी गाडी त्याची, जाता जाता देतो.”

“हे चार्टवर कुठेय?”

“चार्टवर कशाला पाहिजे?”

“मग बाजाराच्या मार्गावर आठ?”

“आठची आधीची बायको बाजारात दुकान टाकून बसलीय. तो त्या स्टॉपवर गाडीच थांबवत नाही, लोक बोंबलतात. आठ लांबच्या मार्गावर.”

“पण तुमच्या कागदावर तर आठ दर चौथ्या दिवशी बाजाराला आहे!”

“असणारच,” मास्तर म्हणाले. “त्याची पाळी आहे ती. वगळला असता तर त्यालाच वाईट वाटलं असतं.”

उपव्यवस्थापकांनी कागद बाजूला ठेवला आणि ते पाणी प्यायले. मास्तर बिल्ले हलवत राहिले. कोणाचा गुडघा, कोणाचं पथ्य, कोणाचं कोणाशी वाजतं. हात खिळ्याकडे जाई तोवर डोक्यात ठरलेलं असे. साडेपाचला शेवटची गाडी निघाली. एकही फेरी रद्द झाली नव्हती. उपव्यवस्थापक म्हणाले की चार्ट पद्धत उत्तम आहे.

सहाला मास्तर घरी आले. मेहुणा टीव्हीसमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, फोटो काढायला बसतात तसा. बायको मशीनवर होती पण मशीन बंद होतं.

“जिंकलो,” मेहुणा म्हणाला.

“वेढा?”

“वेढा. साडेतीनपर्यंत तुमची वाट बघितली. डेपोचा फोन लागेना. म्हटलं आज नाही झालं तर पुढच्या रविवारी राक्षस उरकत नाही. चारही दरवाजे राखले. माझे पाच, तुमचे सात.”

“सगळे आहेत?”

मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

“एकाहत्तर,” तो म्हणाला.

“कोण?”

“उगाच.”

मास्तर बसले. बूट काढायचे राहिले होते.

“उगाचला दरवाजावर कुणी उभं केलं?”

“तुम्ही.”

“मी?”

“हे बघा की.” मेहुणा उठला आणि त्याने भिंतीवर बोट ठेवलं. चौथा रविवार, उत्तर दरवाजा, एकतीस. मास्तरांचंच अक्षर, निळ्या शाईत. “अकरा वर्षं तुम्ही म्हणताय, पाळी प्रत्येकाची. म्हटलं, एकदा दाजींच्या मनासारखं करू. एक आकडा इकडचा तिकडे केला नाही मी. आयुष्यात पहिल्यांदा.”

“अरे, पण त्याला कधी पाठवतात का!”

“चार्टवर लिहिलंय!”

“चार्टवर लिहिलेलं असतंच! पाठवायचं नसतं! त्याची पाळी आली की मी भालेवाल्या आत्याला नेतो. नेहमी. त्याला काठी धरता येत नाही!”

“अकरा वर्षांत एकदाही नेला नाहीत?”

“नाही.”

“मग लिहिता कशाला?”

“त्याची पाळी चुकू नये म्हणून!”

मेहुणा आयुष्यभर तराजूंच्या लबाड्या पकडत आला होता; दोन्ही पारडी सारखी दिसतात आणि दांडीखाली कुठे तरी मेण लावलेलं असतं. इतक्या जवळचा तराजू त्याने कधी तपासला नव्हता.

“म्हणजे बहात्तर जण सारखे, हे सगळं...” त्याने वाक्य सोडून दिलं. “आणखी कोण कोण आहे असं?”

“खूप आहेत,” मास्तर म्हणाले.

“आणि मागे जाता येत नाही?” बायकोने विचारलं. “पुसून पुन्हा?”

“कॅसेटमध्ये नोंदीची जागा एकच आहे, ताई. लढाई संपली की विचारतं, नोंद करू का. मी हो म्हटलं.”

“का म्हटलंस?”

“अकरा वर्षं हो म्हणतोय. हात गेला.”

मास्तरांनी यंत्राची बटणं हातात घेतली आणि राजपुत्राला किल्ल्यातल्या विहिरीपाशी नेऊन उभं केलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी बटण दाबून पाहिलं. रिकाम्या जागेशी बोलायची सोय खेळात नव्हती. मग ते उठून गॅलरीत गेले आणि तिथे बसून त्यांनी बूट काढले.

मेहुणा चहा न घेता गेला. त्या आठवड्यात मास्तर दुपारी डेपोतून आल्यावर जेवून झोपत. बायकोला त्यांनी एकदाच विचारलं, “मीच सांगितलं ना त्याला, चार्टप्रमाणे कर म्हणून?”

“दोनदा सांगितलंत,” ती म्हणाली. “मला आतपर्यंत ऐकू आलं.”

पंचवीस तारखेला त्यांनी पुढच्या महिन्याचा डेपोचा चार्ट काढला. आठ नंबर बाजाराच्या मार्गावर, दर चौथ्या दिवशी, नेहमीप्रमाणे.

पाचव्या रविवारी मेहुणा येईल असं दोघांनाही वाटत नव्हतं. तो दोनच्या ठोक्याला आला, हातात रिकामं खोकं आणि सुतळी घेऊन. मास्तरांनी त्याला जागा करून दिली.

“संपवायचं ना?” मेहुण्याने विचारलं.

“तुझे पाच आहेत. तू संपव.”

शेवटचा राक्षस चाळीस मिनिटांत पडला. अकरा वर्षांत दोघांनी बघितलेली ही सगळ्यात सोपी लढाई होती, आणि जिंकल्यावर कोणी हातही वर केले नाहीत. मग शेवट आला, लहानसा. राजपुत्र तटावर एकटा उभा, मागे एक निशाण. पटांगण दिसलंच नाही. त्यानंतर काळ्या पडद्यावर ओळी वर सरकू लागल्या: प्रत्येक साथीदाराचं नाव, आणि त्याचं पुढे काय झालं ते एका वाक्यात.

मेहुण्याच्या पाचांपैकी दोघं सरदार झाले. तो “हं” म्हणाला. सहाव्या-सातव्या नावापासून त्याला कोणी ओळखू येईना.

“हा कोण?”

“पुलावर भेटला होता तो. मोठी टोपी. बहिणीला शोधत होता,” मास्तर म्हणाले.

“सापडली?”

“सापडली म्हणतंय.”

“आणि शेळीवाली?” बायकोने पाठमोरी राहूनच विचारलं. दोघांनी वळून तिच्याकडे बघितलं. “काय बघताय? अकरा वर्षं माझ्या पाठीमागे तिचंच चाललंय. घरी पोचली का ती?”

“पोचली. चौदा शेळ्या झाल्या.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि दोरा ओवायला घेतला.

ओळी आपल्या वेगाने जात होत्या. त्यांना थांबवता येत नव्हतं. मेहुणा विचारत राहिला आणि मास्तर सांगत राहिले, आणि एक माणूस सांगून होईपर्यंत दोन निघून जात. पस्तीसेक जणांचं राहूनच गेलं. तिसाव्यानंतर सरळ बत्तिसावा आला. त्या वेळी मात्र मेहुण्याने काही विचारलं नाही.

यादी संपली. पडदा स्थिर झाला. मेहुण्याने यंत्र बंद केलं, तारा गुंडाळल्या आणि कॅसेट रुमालात बांधली. खोक्याला सुतळी लावता लावता तो थांबला.

“दाजी, तिकडे गेल्यावर मी पहिल्यापासून सुरू करणार आहे.”

“पाच घेऊन?”

“बघू. पण चार्ट द्या.”

मास्तरांनी भिंतीकडे हात केला. “ने तो.”

“तो नको. तो मी वाचलाय. दुसरा द्या, ज्याप्रमाणे तुम्ही करता तो.”

“तो कागदावर नाही.”

“माहितीय. म्हणून तर म्हणतोय, सांगा. मी लिहितो.”

“कागदावर लिहिलं की भांडणं होतात,” मास्तर म्हणाले. “माझा एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे.”

“तिकडे मी एकटाच असणार. भांडू कोणाशी?”

मेहुण्याने पिशवीतून तपासणीच्या कोऱ्या फॉर्मांचं पॅड काढलं, उलटं केलं आणि गुडघ्यावर ठेवलं. बायकोने त्याला तिची खुणा करायची पेन्सिल दिली. मास्तरांनी थोडा वेळ गॅलरीच्या दाराकडे बघितलं.

“एक नंबर. याला कुठेही ने, तक्रार नाही. दोन नंबर. हिला पाच नंबरबरोबर न्यायची नाही.”

“का? पुस्तिकेत तसं काही नाही.”

“दोघींची वाक्यं वाच नीट. एकमेकींचं नाव घेत नाहीत.”

मेहुण्याने लिहिलं. तीन, चार, पाच झाले. उन्हं गॅलरीतून मशीनच्या पायापर्यंत आली. बायकोने चहा ठेवला, दोघांनी तो पाहिला आणि विसरले.

“चौदा,” मास्तर म्हणाले. “रडका न्हावी. लढायला चांगला आहे. पण पुढच्या रांगेत नाही ठेवायचा, आणि दोन दिवस लागोपाठ न्यायचा नाही.”

“का?”

“दमतो.”

“दाजी, या खेळात कोणी दमत नाही. दमण्याचा आकडाच नाही त्यात.”

“तू लिही.”

मेहुण्याने पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं: दमतो. मग खाली रेघ मारून पुढचा आकडा घातला.